शेवाळाचा निळा रंग, आणि उरलेल्या चोथ्याचं काय?

खाऊच्या पाकिटावर निळ्या रंगासाठी 'स्पिरुलिना अर्क', म्हणजे स्पिरुलिना नावाच्या शेवाळाचा अर्क, असं वाचलं की मला बरं वाटायचं, पेट्रोलियमपासून बनणारा ब्रिलियंट ब्लू हा कृत्रिम रंग टळला म्हणजे पर्यावरणाचा प्रश्नच मिटला असं. पण हा रंग बनतो कसा हे वाचायला लागले आणि आता तेवढ्यावर समाधान होत नाही.

चांगली बाजू खरीच आहे. स्पिरुलिनाला सुपीक जमीन लागत नाही, उथळ तलावात वाढतं, पाणी इतकं अल्कधर्मी असतं की बाकीचे जीव फारसे टिकत नाहीत, म्हणून कीटकनाशकंही लागत नाहीत. १ किलो सुकं शेवाळ तयार होताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो असं सांगतात, पण आपण ते खाल्लं की तो परत हवेतच जाणार ना, त्यामुळे ते फार मिरवू नये असं मला वाटतं.

खरा खर्च पुढे आहे. ते अल्कधर्मी पाणी फुकट होत नाही, प्रयोगशाळेतल्या मूळ कृतीत लिटरला जवळपास १७ ग्रॅम खायचा सोडा आहे, शिवाय नायट्रेट. गाळलेलं पाणी परत तलावात सोडलं तर ठीक, पण तेच खारट पाणी जमिनीवर सोडलं तर ती जमीन खराब होणार. आणि तलावात शेवाळ असतं लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे १ किलो पावडरीसाठी हजार-दोन हजार लिटर पाणी गाळायचं, मग दाबून पाणी काढलं तरी लगद्यात ८० टक्के पाणी उरतंच. म्हणजे किलोमागे ४ लिटर पाण्याची वाफ करायची. नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशोबाने अडीच युनिट उष्णता, प्रत्यक्षात यंत्रं त्याहून जास्तच खातात. ती वीज कोळशाची की सूर्याची, यावर सगळं फिरतं. ओल्या लगद्यातूनच रंग काढला तर हा टप्पा बराच वाचतो, पण ओलं शेवाळ लगेच खराब होतं त्यामुळे कारखाना तलावाशेजारीच हवा.

आणि एवढं करून हाती काय, तर सुक्या वजनाच्या १० ते २० टक्के फायकोसायनिन, म्हणजे तो निळा रंग, तेही उष्णतेने आणि आम्लाने फिकं पडणारं. बाकीचा ८० टक्के चोथा प्रथिनांनी भरलेला असतो. तो जनावरांच्या किंवा माशांच्या खाद्यात गेला तर सगळा भार दोन मालांवर वाटला जातो, फेकून दिला तर तो सगळा त्या चिमूटभर रंगाच्या डोक्यावर. माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि पाकिटावर त्याबद्दल एक अक्षर नसतं.

आता गॅल्डिएरिया नावाच्या लाल शेवाळाचा निळा रंगही आलाय, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२५ मध्ये मंजुरी दिली, तो आम्लातही टिकतो. हे शेवाळ अंधारात, बंद टाकीत, साखरेवरही वाढू शकतं. तसं वाढवलं तर तलाव नको, ऊन नको, पण मग ती साखर कुठल्यातरी शेतातूनच येणार, आणि त्या शेताचं पाणी आणि खत यांचा हिशोब परत मांडावा लागेल.