जुन्या कामांची राखण : आमच्या छापखान्याची वाटचाल

बेळगावच्या शहापूर भागात आमचा छापखाना आहे. वडिलांनी तो सुरू केला तेव्हा त्यात एक ट्रेडल यंत्र आणि मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषांच्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचे, खण होते. काम छापून झाले की जुळवलेले खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणांत टाकले जात, त्यामुळे झालेल्या कामाची खूण म्हणून वडिलांनी जाड वहीत चिकटवलेली एक छापील प्रत तेवढी मागे उरे. संगणकावर अक्षरजुळणी होऊ लागली आणि जुने काम फाइलच्या रूपाने टिकू लागले. ग्राहकांच्या बोलण्यातही तो बदल उमटला. गणेशोत्सवाच्या आधी मंडळाचे कार्यकर्ते दारातूनच सांगतात, “मागच्या वर्षीचंच पावतीपुस्तक काढा की ओ, नुसती तारीख बदला.” त्या एका वाक्यात ‘मागच्या वर्षीचे तुमच्याकडे असणारच’ हा विश्वास असतो. तो विश्वास राखण्यासाठी आम्ही काय केले आणि कुठे चुकलो, ते या वाटचालीत मला सविस्तर सांगायचे आहे.

सुरुवातीला कामे सीडीवर आणि वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली होती. २०१३ मध्ये आम्ही एक जुना वर्कस्टेशन संगणक विकत घेतला, त्यात चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी आणि दोन-दोन टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क बसवल्या आणि त्यावर फ्रीनॅस ही, संगणकाचा फाइल साठवणारा सर्व्हर बनवणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. ओलिव्हिए कोशार-लाबे या फ्रेंच प्रोग्रामरने २००५ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारलेली होती आणि तिच्यात सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जन्मलेली झेडएफएस ही फाइलव्यवस्था वापरता येत असे. झेडएफएस प्रत्येक माहितीखंडाची चेकसम, म्हणजे त्यातील माहितीवरून काढलेली पडताळणीची संख्या, ठेवते. ‘स्क्रब’ची आज्ञा दिली की ती सगळी साठवण वाचून पडताळते आणि कुठे बिघाड दिसला तर दुसऱ्या डिस्कांवरील माहितीच्या आधारे तो दुरुस्त करते. चार डिस्कांची ‘रेड-झेड-२’ पद्धतीची मांडणी केल्यामुळे निम्मी जागा सुरक्षिततेसाठी खर्ची पडली, पण कोणत्याही दोन डिस्क बंद पडल्या तरी माहिती शाबूत राहील एवढी निश्चिंती लाभली. आमच्या पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया ठरलेली गोष्ट याच मांडणीत होती : ऑपरेटिंग सिस्टीम एका लहानशा पेन ड्राइव्हवर वेगळी आणि ग्राहकांचे काम चार डिस्कांच्या ‘पूल’मध्ये, म्हणजे एकत्रित साठवणीत, वेगळे.

या साठवणीचे मोल १ नोव्हेंबर २०१४ नंतर कळले. त्या दिवशी कर्नाटकातील अनेक शहरांची इंग्रजीतील अधिकृत नावे बदलली आणि ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले. लेटरहेड, बिलबुके, पाकिटे, पतसंस्थांचे अर्ज या सगळ्यांवर तो एक शब्द बदलून हवा होता. ज्यांची जुनी फाइल आमच्याकडे होती त्यांचे काम त्याच दिवशी होत असे.

आम्ही मोठी चूक केली ती पुढच्याच वर्षी. फ्रीनॅसची ९.३ ही आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आली होती. तिच्यापासून ऑपरेटिंग सिस्टीमचा पेन ड्राइव्हही झेडएफएसवर चालू लागला आणि प्रत्येक अपग्रेडच्या वेळी जुनी प्रणाली ‘बूट एन्व्हायर्नमेंट’ म्हणून बाजूला जपून ठेवण्याची उत्तम सोय झाली. ती वाचून मी भारावलो आणि ऐन वैशाखात, लग्नपत्रिकांची कामे हातात असताना, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अपग्रेड सुरू केले. सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि पुन्हा उठला नाही, कारण दोन वर्षे वापरलेला स्वस्त पेन ड्राइव्ह त्या लेखनाच्या ताणाने निकामी झाला होता. जुनी प्रणाली जपून ठेवण्याची सोय त्याच पेन ड्राइव्हवर असल्याने तिचा उपयोग शून्य होता, आणि सर्व्हरच्या सेटिंगची कॉन्फिगरेशन फाइल मी कधीच उतरवून घेतली नव्हती. नव्या पेन ड्राइव्हवर प्रणाली टाकून पूल जोडला, तेव्हा सगळी कामे जागच्या जागी दिसली. पण कोणते फोल्डर कोणाला उघडावे, कोणाला कुठे लिहिता यावे, नक्कल कधी घ्यावी ही सारी मांडणी आठवून आठवून पुन्हा करावी लागली. त्यात एका वधूपित्याच्या पत्रिका दोन दिवस उशिरा गेल्या. खानापूर तालुक्यातील गावोगावी फिरून त्यांना त्या हातोहात द्यायच्या होत्या, आणि ते दोन दिवस त्यांना कोठूनही भरून मिळणार नव्हते. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला अधिकच लागले.

त्यानंतर अपग्रेडचा काळ आम्ही पंचांगावर ठरवला : पितृपक्षाचा पंधरवडा. गणेशोत्सवाची पावतीपुस्तके आणि सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल छापून गेलेले असतात, पितृपक्षात कोणी लग्नपत्रिका छापायला आणत नाही, आणि दिवाळीचे काम अद्याप सुरू झालेले नसते. आमच्याकडचा मुसळधार पाऊसही तोवर ओसरलेला असतो, त्यामुळे वीज जाण्याचे प्रसंग कमी होतात. तरीही यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय आम्ही कामाला हात घालत नाही.

तयारीला पंधरवड्यातील पहिला आठवडा जातो. आधी नव्या आवृत्तीचे प्रकाशन-टिपण पूर्ण वाचायचे, आणि त्यात ‘काढून टाकले’ किंवा ‘यापुढे चालणार नाही’ असे जे लिहिलेले असते त्यापैकी आपण काय वापरतो हे शोधायचे. नवे काय आले त्यापेक्षा जुने काय गेले हे मला कितीतरी महत्त्वाचे वाटते. मग पूलचा स्क्रब आणि प्रत्येक डिस्कची दीर्घ ‘स्मार्ट’ चाचणी, म्हणजे डिस्कने स्वतःच घेतलेली स्वतःची तपासणी, होते. आता आमच्याकडे चार टेराबाइटच्या डिस्क आहेत आणि तेवढ्या डिस्कच्या चाचणीला सात-आठ तास लागतात, म्हणून ती रात्रभर चालते. आजारी डिस्क असताना अपग्रेड करायचे नाही, आधी डिस्क बदलायची. त्यानंतर कॉन्फिगरेशन फाइल उतरवून घ्यायची. ती घेताना गुप्त बीज, म्हणजे ‘सीक्रेट सीड’, सोबत घेण्याच्या चौकटीत खूण करावीच लागते, नाहीतर फाइल परत चढवली तरी तीत सांकेतिक रूपात असलेले पासवर्ड उलगडत नाहीत. ही फाइल सर्व्हरवरच ठेवणे म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच ठेवणे आहे. आम्ही ती दोन वेगळ्या संगणकांवर ठेवतो. शेवटी सगळ्या कामांची ताजी नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतो आणि तिच्यातून वेगवेगळ्या वर्षांच्या काही फाइल खरोखर उघडून पाहतो. आमच्या धंद्यात हे फार आवश्यक आहे, कारण श्रीलिपी किंवा कन्नडसाठीच्या नुडी या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल तो फॉन्ट नसेल तर उघडते, पण वाचता येत नाही. म्हणून फॉन्टांचे फोल्डर हेही आम्ही ग्राहकाच्या कामाइतकेच जपतो.

एवढी काळजी घेऊनही एकदा परतीची वाट आम्हीच बंद केली. अपग्रेड व्यवस्थित झाले होते आणि पूलसाठी नवी वैशिष्ट्ये उपलब्ध आहेत अशी सूचना पडद्यावर आली होती. माझ्या पुतण्याने ती चांगल्या हेतूने मान्य केली. दोन आठवड्यांनी नक्कल घेण्याच्या कामात दोष दिसला, म्हणून आम्ही जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटवर गेलो, तेव्हा जुन्या प्रणालीने तो पूल जोडण्यास नकार दिला. ऑपरेटिंग सिस्टीमचे अपग्रेड उलटवता येते, पूलचे येत नाही, कारण नवी वैशिष्ट्ये चालू केली की ती न ओळखणाऱ्या जुन्या प्रणालीला तो पूल वापरता येत नाही. माहिती गेली नाही, पण दुरुस्तीची आवृत्ती येईपर्यंत नकला हाताने घ्याव्या लागल्या. चूक पुतण्याची नव्हती. ही गोष्ट मी त्याला आधी सांगायला हवी होती.

ऑक्टोबर २०२० मध्ये १२.० आवृत्तीबरोबर फ्रीनॅसचे नाव ट्रूनॅस कोअर झाले. आम्ही वर्षभर थांबून २०२१ च्या पितृपक्षात ते घेतले, तेव्हा प्रश्न आला तो स्टिकर कापणाऱ्या प्लॉटरच्या संगणकाचा. त्या यंत्राचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालते आणि एक्सपीला फाइल देवाणघेवाणीची एसएमबी ही भाषा तिच्या पहिल्या आवृत्तीतच येते. विंडोजच्या संगणकांना फोल्डर दाखवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरने ४.११ पासून, म्हणजे सप्टेंबर २०१९ पासून, ती आवृत्ती मुळातच बंद ठेवलेली आहे. एक खूण करून ती पुन्हा चालू करता आली असती. परंतु मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील त्रुटीतून जगभर पसरला होता, आणि एका प्लॉटरसाठी सगळ्या ग्राहकांच्या कामाचे दार उघडे ठेवणे मला पटले नाही. आम्ही त्या संगणकाला एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने फक्त वाचता येईल असे एक वेगळे फोल्डर दिले. त्यात त्या दिवशीची स्टिकरची कामे तेवढी टाकतो.

सर्वांत मोठे स्थित्यंतर २०२४ च्या पितृपक्षात झाले. ट्रूनॅसची, फ्रीबीएसडीऐवजी डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारलेली स्केल ही शाखा फेब्रुवारी २०२२ मध्ये स्थिर रूपात आली होती आणि नवी भर आता तिच्यातच पडत आहे हे उघड झाले होते. या वेळी चालू प्रणालीवर अपग्रेड न करता आम्ही सर्व्हर बंद केला, पेन ड्राइव्हची जागा घेतलेली, प्रणाली असलेली जुनी बूट एसएसडी काढून तिच्यावर तारीख व आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि ती खणात ठेवली. चारही डिस्कांच्या तारा सोडवून कोऱ्या एसएसडीवर नवी प्रणाली बसवली, म्हणजे चुकून ग्राहकांच्या डिस्कवर प्रणाली टाकली जाण्याची शक्यताच राहिली नाही. मग डिस्क जोडून पूल घेतला आणि कॉन्फिगरेशन फाइल चढवली. मॅक संगणक ज्या एएफपी पद्धतीने फोल्डर उघडत होते ती स्केलमध्ये नाही, हे टिपणात वाचलेले असल्यामुळे ते महिनाभर आधीच एसएमबीवर आणलेले होते. नेटवर्क मात्र सुरू होईना. इंटेलच्या ज्या कार्डाला फ्रीबीएसडी ‘ईएम०’ म्हणते त्याचे नाव लिनक्समध्ये ‘ईएनपी’ने सुरू होते, त्यामुळे ठरवून दिलेला पत्ता नव्या नावाशी जुळला नाही. अशा वेळी ब्राउझरमधून काहीच करता येत नाही. सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड आधीच जोडून ठेवला होता, म्हणून पाच मिनिटांत पत्ता पुन्हा देता आला.

खरी धास्ती संध्याकाळी वाटली. बाहेरच्या डिस्कवरील नकलेची यादी सर्व्हरच्या यादीशी ताडून पाहिली, तेव्हा काही फाइल सर्व्हरवर नाहीतच असे दिसले. नावे वाचता वाचता लक्षात आले की ‘वऱ्हाडी’, ‘कऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ अशी ज्यांच्या नावात ‘ऱ’ होता त्याच फाइल यादीत वेगळ्या पडत होत्या. ती नक्कल मॅकवरून, मॅकच्या एचएफएस प्लस या जुन्या फाइलव्यवस्थेच्या पद्धतीच्या डिस्कवर घेतलेली होती, आणि ती पद्धत नावांतील ‘ऱ’ हे एकसंध अक्षर ‘र’ व नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे दोन भागांत फोडून लिहिते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. मग नावांऐवजी फाइलच्या चेकसम ताडल्या, आणि एकही फाइल कमी नव्हती. मराठीत नावे देणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे, असे मला मनापासून वाटते, कारण घाबरून त्या ‘हरवलेल्या’ फाइल आम्ही पुन्हा चढवल्या असत्या तर एकाच नावाच्या दोन-दोन फाइल होऊन पुढे कोणती खरी हे कळले नसते.

पूल अद्ययावत करण्याची सूचना तेव्हापासून पडद्यावर होती. दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका, वैशाखाचा हंगाम आणि पुढचा गणेशोत्सव त्याच पूलवर पार पडला, आणि एकदाही जुन्या प्रणालीकडे वळावे लागले नाही. पितृपक्षात बाहेरची डिस्क खानापूरला बहिणीच्या घरी पोचवून आल्यावर पुतण्याने माझ्यासमोर ती सूचना मान्य केली आणि खणातल्या जुन्या एसएसडीवरची चिठ्ठी काढून टाकली.