उन्हातून आल्यावर

आलं किसायला बसलं की मला राग येतो. आल्याचा नव्हे, किसणीचा. किसणीच्या पोटात जे दोरे अडकून बसतात ते काढायला मी एक जुना टूथब्रश ठेवते, आणि भांडी घासणाऱ्या मावशींना तो नेमका कचरा वाटतो. तीन गेले आतापर्यंत. म्हणून एरवी मी आलं ठेचतेच. खलबत्ता जड आहे, त्याला कुणी टाकून देत नाही. पण आज दुपारी मुद्दाम किसत बसले, कारण समोरच्या कागदावर माझ्याच अक्षरात 'किसूनच घेणे' असं लिहिलेलं होतं आणि खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. का मारल्या होत्या, देव जाणे.

कागदाच्या डोक्यावर लिहिलंय, 'स्विचेल'. शेजारच्या वहिनींना सकाळी सांगितलं की आज स्विचेल करणार आहे, तर त्या म्हणाल्या, "कशाला हात लावताय, वायरमनला बोलवा ना."

गेल्या वर्षी लेकीकडे होते सहा महिने. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम अंगाला, कनेटिकट नदीच्या काठी हॅडली म्हणून गाव आहे. सपाट, काळीभोर जमीन, नदीच्या वळणात सापडलेली. कृष्णेकाठच्या माणसाला तिथे परकं वाटायला जरा वेळच लागतो. लेक आणि जावई सकाळी विद्यापीठात गेले की मी खिडकीशी. समोर गवताचं कुरण होतं. जुलैत एके दिवशी ते कापलं, दोन दिवस उन्हात उलटंपालटं केलं आणि तिसऱ्या दिवशी यंत्राने त्याच्या पेंढ्या बांधायला सुरुवात झाली. वास आला आणि मी चपला घालून बाहेर. कडब्याच्या गंजीचा वास वेगळा, हा जरा गोडसर, पण नाकाला कुठे देशांतला फरक कळतो?

कुंपणाशी त्या शेतातल्या आजी उभ्या होत्या. आजी म्हणजे माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या, पण तसं म्हणायला बरं वाटतं. त्यांनी काचेची एक बरणी माझ्या हातात दिली. आत तपकिरी, गढूळ पाणी. मी पहिला घोट घेतला आणि मला वाटलं, रसवंतीवाल्याने उसाच्या रसात चुकून लोणच्याचा चमचा बुडवलाय. दुसऱ्या घोटाला घशात आलं लागलं. तिसऱ्यानंतर बरणी परत द्यायची असते हे मी विसरले.

पाणी, गोड काहीतरी, सफरचंदाचा शिरका म्हणजे व्हिनेगर, आणि आलं. झालं स्विचेल. गवत कापणाऱ्यांचं पेय म्हणून 'हेमेकर्स पंच' असंही त्याचं नाव. यातला 'पंच' बहुधा आपल्याच पाचाचा, असं इंग्रजी शब्दकोश सांगतात. दारू, लिंबू, साखर, मसाला आणि पाणी असे पाच जिन्नस. स्विचेलमध्ये मोजून चारच भरतात. पण काही जण त्यात मूठभर ओटचं पीठही भिजवतात, ते धरलं तर पाच. मी धरते. हिशेब सुटल्याशी कारण.

गोडासाठी पूर्वी मोलॅसिस, आता बरेच जण मेपलचा पाक घालतात. लेकीने मला मोलॅसिस म्हणजे काकवी असं सांगितलं. मी गुऱ्हाळाच्या आजोळची, मला हे चालण्यासारखं नव्हतं. काकवी म्हणजे उसाचा अख्खा रस आटवून, गूळ व्हायच्या अलीकडे काढलेली. मोलॅसिस म्हणजे साखर काढून घेतल्यावर मागे उरते ती मळी. आमच्याकडे साखर कारखान्यातून ती दारूच्या भट्टीला जाते. "म्हणजे मी आज मळी प्यायले," मी जेवताना जाहीर केलं. जावई म्हणाले, "आई, बॉस्टनमध्ये तर ती मळी माणसांना प्यायली."

गंमत नव्हती ती. १९१९ साली, १५ जानेवारीच्या दुपारी, बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात मोलॅसिसची एक अजस्र टाकी फुटली. आत सुमारे ८७ लाख लिटर माल, मद्यार्क करण्यासाठी साठवलेला. घराएवढ्या उंचीची लाट रस्त्यांतून गेली. २१ माणसं मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली, घोडे माश्यांसारखे चिकटून राहिले. तिकडे मंद माणसाला 'जानेवारीतली मोलॅसिस' म्हणायची पद्धत आहे. आणि जानेवारीतच ती धावली. मी त्या रात्री झोपताना उगाच विचार करत होते की गुळाची काहील कधी अशी फुटली असती तर.

फुटली नाही. पण तिची भीती होती. आजोळी, कराडच्या खालच्या अंगाला, मामांच्या शेतात गुऱ्हाळ लागायचं. आम्ही पोरं काहिलीपासून चार हातांवर उभी. रस उकळून त्याला पिवळा फेस यायचा, गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने तो काढायचा, मधूनच रानभेंडीचा चीक सोडायचा आणि पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघायचा. खालच्या खड्ड्यात चुलवाणापुढे बसलेला माणूस सुकी चिपाडं आत सारत राही. बाहेर माघातली थंडी, आणि तो मात्र उघड्या अंगाने घामाने निथळत. आदण उतरलं की तो वर यायचा आणि थेट रांजणाकडे निघायचा. तिथे आजी बसलेली असे. तांब्या मांडीवर उपडा.

"आधी गूळ."

तो हात पुढे करी. आजी गुळाचा खडा ठेवी.

"चाव. नुसता गिळू नगंस. बस खाली. घाम मरू दे. हां, आता पी."

गुळव्यालाही तेच. दिवसभर गुळाच्या वाफेत उभा असलेला माणूस, मिशांपर्यंत गोड झालेला, आणि त्याला पुन्हा गुळाचा खडा! तो मुकाट्याने घ्यायचा, गालात धरायचा, पाणी पिऊन झालं की गुऱ्हाळाच्या मागे जाऊन थुंकायचा. आम्हा पोरांना हे माहीत होतं. आजीला नव्हतं. म्हणजे मला तेव्हा तसं वाटायचं.

घरीही हीच शिस्त. वैशाखात शाळेचे सर आले, कासार आला, पोस्टमन आला, पाव्हणे आले, कुणीही आलं तरी आधी वाटीत गुळाचा खडा आणि मग तांब्या. आल्या-गेल्याला हे केलंच पाहिजे. उन्हातून आल्या आल्या गटागटा पाणी प्यायलं की बाधतं, एवढंच कारण. काय बाधतं, कुठे बाधतं, ते कुणी विचारलं नाही.

आणि तिकडे पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणापलीकडच्या आजी मला समजावत होत्या की त्यांच्या वडिलांच्या वेळी स्विचेलचा कॅन दोराला बांधून विहिरीत सोडत. विहिरीचं पाणी भर जुलैत हात बधिर करणारं. गवत कापून तापलेल्या माणसाने ते तसंच प्यायलं तर पोटात कळा येतात, म्हणून त्यात आलं. आलं पोटाला ऊब देतं. आंबट-गोडामुळे माणूस घोट घोट पितो, ढोसत नाही. मी ऐकत होते आणि मला फक्त त्या तांब्याची जागा चुकल्यासारखी वाटत होती. तो मांडीवर हवा होता.

मोलॅसिस मात्र तिकडची नव्हे. न्यू इंग्लंडात, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य कोपऱ्यात, ऊस पिकत नाही. ती यायची कॅरिबियन बेटांवरून, गुलामांनी तोडलेल्या उसाची. गवत कापणाऱ्याच्या पोटाची काळजी घेणाऱ्या कुणा मालकिणीने ऊस तोडणाऱ्याच्या पोटाचा विचार केला असेल का, हे मी त्या आजींना विचारलं नाही. आमच्याकडे बीडहून टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात, आणि मी तरी त्यांच्या पालावर कधी गूळपाणी घेऊन गेलेय? त्यांना गुळाचं काय कौतुक, असं आपण आपलं म्हणायचं.

तर शिरका. आमच्या घरात शिरका म्हणजे दोनच गोष्टी. एक, चायनीजच्या गाडीवर मिरच्यांच्या तुकड्यांबरोबर बाटलीत असतो तो. दुसरी, किटलीच्या बुडाचे पांढरे डाग काढायचा तो. प्यायची वस्तू नव्हे. आंबट म्हटलं की आपल्याकडे लिंबू, कैरी, चिंच, आमसूल, ताक. इतकं सगळं हाताशी असताना सफरचंद आंबवत कोण बसतो? पण लेकीने एक गंमत सांगितली. इराणात शिरका आणि मध यांचं एक जुनं सरबत आहे, शिरका म्हणजे 'सिर्का' आणि मध म्हणजे 'अंगबीन', मिळून 'सिकंजबीन'. आपली शिकंजी ती हीच. इकडे येता येता तिचा शिरका सुटला आणि लिंबू आलं. नावात शिरका तसाच राहिला, आडनावात सोडलेलं गाव राहतं तसा.

काल दुकानात सफरचंदाचा शिरका मागितला तर मुलगा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "वजनाचा ना काकू?" म्हटलं, प्यायचा. "तेच ते," तो म्हणाला. बाटलीवर इंग्रजीत लिहिलंय, 'विथ द मदर'. आईसकट. तळाशी जो ढगासारखा साका असतो त्याला आई म्हणतात. तो थोडा पुढच्या रसात घातला की त्याचाही शिरका होतो. थोडक्यात विरजण. मी पहिल्यांदा ती बाटली लेकीच्या कपाटात बघितली तेव्हा तिला म्हटलं होतं, "बघ, तुझ्याकडे दोन-दोन आया झाल्या." ती हसली नाही. कामात होती. मग संध्याकाळी म्हणाली, "आई, ती बाटली हलवून वापरायची, नाहीतर तळाला बसून राहते." हे शिरक्याबद्दलच होतं, याची मी दोनदा खात्री करून घेतली.

आज मी केलं ते असं. चार पेले पाणी, माठातलं. पाव पेला काकवी, कारण मळी मी पिणार नाही. तितकाच शिरका असं कागदावर आहे, पण पाव पेला शिरका बघून माझ्या पोटाने नकार दिला, म्हणून तीन चमचे. आलं कागदावर चमचाभर. पण ते तिकडचं आलं, गुबगुबीत आणि बिनधाकाचं. आमच्या साताऱ्याकडचं आलं बारीक, दोरेदार आणि तोंडाळ, त्यामुळे अर्धाच. मीठ त्यांच्यात नाही, मी घातलं, चिमूटभर. घामाने मीठ जातं हे समजायला पेंढ्या बांधाव्या लागत नाहीत. रात्रभर ठेवून सकाळी गाळायचं, असं आहे. मी ते लगेच गाळून चाखलं.

आणि तेव्हा कळलं किसायचं का ते. ठेचलेल्या आल्याचा नुसता तिखटपणा उतरतो, किसलेल्याचा वासही उतरतो. किंवा तसं काही नसेल, रेघा मारल्यात म्हणून वाटलं असेल. पण चव मात्र हॅडलीची लागली नाही. काकवीमुळे ती थेट आजोळाकडे वळली आणि शिरका मध्येच कुठल्या तरी फाट्यावर उतरून गेला.

एवढ्यात बेल वाजली. पार्सल. लेकीनेच काहीतरी पाठवलेलं, बहुधा पुन्हा गुडघ्याचा पट्टा. दारात पोरगा उभा, डोक्याला रुमाल, शर्ट पाठीला चिकटलेला, जिन्यात लिफ्ट बंद. अडीचचं ऊन. "काकू, पाणी मिळेल?"

हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगात कुणीतरी येतं. मी त्याला आत बसवलं, पंखा लावला, स्विचेलचा पेला भरला. मग वाटलं, पहिल्यांदाच येणाऱ्याला हे काय लोणच्याचं पाणी द्यायचं. तो ठेवला ओट्यावर, वाटीत गुळाचा खडा घेतला आणि माठातल्या पाण्याचा तांब्या. वाटी त्याच्यापुढे धरली.

"आधी हा खा. चाव. लगेच पाणी पिऊ नकोस."

त्याने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सव्वीस-सत्तावीसचा असेल.

"गूळ नको काकू," तो म्हणाला. "शुगर आहे."

"तुला?"

"दोन वर्षं झाली." मोबाइल पुढे करून म्हणाला, "इथे बोटाने सही करा." मी केली, वाकडीतिकडी. वाटी माझ्या डाव्या हातातच होती.

"फ्रीजमधलं असेल तर द्या ना," तो म्हणाला. "अजून अकरा पार्सलं आहेत."

मी फ्रीज उघडला.