आर स्ट्रीटवरील ज्यू सैनिकांचे संग्रहालय: एका गटभेटीचा वृत्तांत

जूनअखेरच्या एका मंगळवारी आम्ही 19 जण वॉशिंग्टन डी.सी.मधील 'नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन ज्युइश मिलिटरी हिस्टरी' पाहून आलो. नाव एवढे लांबलचक असले तरी 1811, आर स्ट्रीट, नॉर्थवेस्ट या पत्त्यावरची इमारत रस्त्याने जाताना सहज नजरेतून सुटेल अशी साधी आहे. गटात मुलांकडे राहायला आलेले 11 ज्येष्ठ, मराठी शाळेतली 5 मुले आणि आम्ही 3 पालक होतो. ही सहल सुचवली ती अलिबागकडच्या एका निवृत्त सुभेदार आजोबांनी. नॅशनल मॉलवरील मोठी संग्रहालये पाहून पाय दुखले, आता सैनिकांचे काहीतरी लहानसे दाखवा, असे ते म्हणाले आणि माझे काम सोपे झाले.

जाण्यासाठी मेट्रोची रेड लाइन सर्वांत सोयीची आहे. ड्युपाँ सर्कल स्थानकाच्या क्यू स्ट्रीटकडील दाराने बाहेर पडावे. तेथून संग्रहालय सावकाश चालत दहा मिनिटांवर आहे. या दाराचा सरकता जिना 188 फूट लांब असून वर पाहिले की पहिल्यांदा येणाऱ्याचे डोळे फिरतात, म्हणून गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट चालू आहे ना, हे घरून निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. जिना संपतो तेथील गोलाकार भिंतीवर, अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेल्या एका अमेरिकन कवीच्या ओळी कोरलेल्या आहेत. सगळे वर येईपर्यंत आम्ही त्या वाचत उभे राहिलो. गाड्या आणल्यास या भागात रस्त्याकडेला जागा मिळवण्यात अर्धा तास सहज जातो.

संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. सोमवार ते शुक्रवार 9 ते 5 या वेळेत एकटादुकटा माणूस सरळ आत जाऊ शकतो. मात्र ज्यू सणांचे दिवस वगळावे लागतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते एकामागोमाग एक येतात. गटाने आधी कळवून मार्गदर्शक मागावाच, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दालने आटोपशीर आहेत, त्यांतील मजकूर दाट आहे आणि अमेरिकन इतिहासाची पार्श्वभूमी नसलेला माणूस नुसत्या पाट्या वाचत अर्ध्या तासात बाहेर पडेल. कळवताना मी एक चूक केली: माणसांची संख्या लिहिली, वये लिहिली नाहीत. परिणामी आमच्यासाठी विद्यार्थ्यांना साजेशी मांडणी तयार होती आणि सत्तरीतल्या मंडळींनी पहिल्याच पाच मिनिटांत रेजिमेंट, रसद आणि निवृत्तिवेतनावर प्रश्न सुरू केले. मार्गदर्शकांनी हसून पवित्रा बदलला, पण त्यांना तो बदलावा लागला, हा दोष माझाच. 19 जण एका काचपेटीभोवती मावत नाहीत, हेही तेव्हाच कळले. दहा-दहांचे दोन गट करावेत.

हे संग्रहालय का उभे राहिले, हे आधी समजून घेतले तर पुढचे सगळे वेगळे दिसते. यादवी युद्धानंतर ज्यू लोक अमेरिकेसाठी लढलेच नाहीत, असा आरोप उघडपणे होऊ लागला, तेव्हा त्या युद्धात लढलेल्या ज्यू सैनिकांनी 1896 मध्ये न्यू यॉर्कमध्ये एकत्र येऊन आपली संघटना काढली. तीच पुढे 'ज्युइश वॉर व्हेटरन्स' म्हणून ओळखली गेली आणि तिचे मुख्यालय आजही याच इमारतीत आहे. संग्रहालयाला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकन संसदेची सनद 1958 मध्ये मिळाली. थोडक्यात, येथील प्रत्येक वस्तू एका आरोपाला दिलेले उत्तर आहे आणि काही ठिकाणी त्या उत्तराचा सूर जरा आग्रही होतो, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आमचा सर्वाधिक वेळ 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या ज्यू सैनिकांच्या दालनात गेला. टिबोर रुबिन या हंगेरीत जन्मलेल्या माणसाची कथा ऐकताना मुलेसुद्धा गप्प झाली होती. माउटहाउझेनच्या छळछावणीतून 1945 च्या मे महिन्यात अमेरिकन सैन्याने त्यांना सोडवले, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. त्या ऋणापोटी ते अमेरिकेत येऊन सैन्यात भरती झाले, कोरियाच्या युद्धात एकट्याने टेकडी लढवली आणि पकडले गेल्यावर युद्धकैद्यांच्या छावणीत तीस महिने काढले. तेथे ते रात्री शत्रूच्या कोठारांतून अन्न चोरून आणत आणि आजाऱ्यांना भरवत; त्यामुळे सुमारे चाळीस जण वाचले, असे मानले जाते. शौर्यपदकासाठी शिफारशी होऊनही ज्यूद्वेष्ट्या वरिष्ठाने कागद पुढे सरकू दिले नाहीत, आणि पदक मिळाले ते थेट 2005 मध्ये. पहिल्या महायुद्धातील विल्यम शेमिन यांना तर ते 2015 मध्ये, मरणोत्तर मिळाले. आमच्या सुभेदारांनी यावर एवढेच म्हटले की, कागद अडवणारा माणूस प्रत्येक पलटणीत असतो, पण पन्नास वर्षे म्हणजे फारच झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या भागात सैनिकाच्या गळ्यातील ओळखपट्टीपाशी मात्र जरूर थांबावे. बोटभर लांबीच्या त्या पत्र्यावर नाव, क्रमांक आणि रक्तगट यांच्याबरोबर धर्मासाठी एक अक्षर ठोकलेले असे. ज्यू सैनिकासाठी ते 'एच', म्हणजे हिब्रू. मेल्यावर योग्य संस्कार व्हावेत म्हणून असलेले हेच अक्षर जर्मनांच्या हाती पडल्यावर जीव घेऊ शकत होते, त्यामुळे काहींनी पट्ट्या फेकून दिल्या आणि काहींनी मुद्दाम घातल्या. याच ओघात रॉडी एडमंड्स यांची आठवण निघाली. जानेवारी 1945 मध्ये जर्मन छावणीत ज्यू कैद्यांना वेगळे उभे राहण्याचा हुकूम झाला, तेव्हा या ख्रिस्ती मास्टर सार्जंटने हजाराहून अधिक अमेरिकन कैद्यांना एकत्र उभे केले आणि आम्ही सगळेच ज्यू आहोत, असे पिस्तूल रोखलेल्या अधिकाऱ्याला सांगितले.

छळछावण्या मुक्त करणाऱ्या सैनिकांची छायाचित्रे आणि आठवणी असलेला भाग लहान मुलांना दाखवताना पालकांनी आधी स्वतः पाहून घ्यावा. आम्ही बारा वर्षांखालच्या दोघांना तेव्हा बाहेरच्या बाकावर बसवले.

शेवटी अर्धा तास गप्पांसाठी मागून घेतला होता आणि भेटीतला सर्वांत चांगला भाग तोच ठरला. बेने इस्रायल या आपल्याकडच्या ज्यू समाजाबद्दल आमच्याकडून ऐकायला मार्गदर्शक उत्सुक होते. कोकणातले हे तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' पुढे मोठ्या संख्येने ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत गेले. त्यांतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी 1796 मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ बांधले, हे सांगताना सुभेदारांचा आवाज चढला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख राहिलेले व्हाइस अॅडमिरल बेंजामिन सॅमसन याच समाजाचे होते, ही भर एका आजींनी घातली. मग त्यांनी विचारले, 'आमच्याकडे कुणी यांना लढलात का म्हणून पुरावा मागितल्याचे ऐकले नाही हो, तुमच्याकडे का मागितला?' प्रश्नाचे भाषांतर करताना मी अडखळलो. मार्गदर्शकांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले की, ही इमारत त्याच प्रश्नामुळे आहे.

व्याख्याने, लेखकांशी गप्पा असे जाहीर कार्यक्रमही येथे होतात आणि काही ऑनलाइन असल्यामुळे पुण्या-मुंबईतूनही ऐकता येतात. फक्त अमेरिकेतील संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, हे लक्षात ठेवावे. गटभेट अशा कार्यक्रमाच्या दिवशी ठेवू नये, कारण दालनांत निवांतपणा मिळत नाही.

संग्रहालयाला दीड ते दोन तास पुरतात. जेवण कनेक्टिकट अॅव्हेन्यूवर करावे. शाकाहारींची तेथे आबाळ होत नाही. त्याच दिवशी आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतील चॅप्लेन्स हिलवर जाऊन, सेवेत असताना वारलेल्या ज्यू धर्मगुरूंचे 2011 मध्ये उभारलेले स्मारक पाहण्याचा आमचा बेत होता, पण दुपारच्या उन्हात तो चढ पाहून आजी मंडळींनी नकार दिला आणि आम्ही परतलो. ज्येष्ठ बरोबर असतील तर आर्लिंग्टनला दुसऱ्या दिवशी, सकाळी लवकर जावे.