चित्रफीत आपल्या संगणकावर चालते, एवढ्याने भागत नाही

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, जुन्या नाटकांच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून घेणे आणि ज्यांच्या त्या आहेत त्यांच्या घरी पेन ड्राइव्हमधून पोहोचवणे, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग आहे. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपू लागली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटकाचा पडदा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. नव्वदच्या दशकात लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या तालुक्याच्या फोटो स्टुडिओवाल्यांनी यांतले काही प्रयोग हौसेने, काही मंडळाच्या सांगण्यावरून टिपून ठेवले. त्या वेळचे नट आता थकले आहेत, मुले-नातवंडे नागपूर-पुण्याला स्थिरावली आहेत, आणि कॅसेट लावायचे यंत्र बहुतेक घरांतून केव्हाच भंगारात गेले आहे. त्यामुळे फाइल हाती पडली की घरात आनंद होतो, आणि पुष्कळदा त्यामागोमाग फोन येतो: "भाऊ, आवाज येते जी, पण चित्रच नाही दिसून राह्यलं."

ही तक्रार नीट ऐकली तर दोष कुठे आहे ते तिच्यातूनच कळते. कॅप्चर करताना, म्हणजे कॅसेट संगणकावर उतरवून घेताना, तयार होणारी फाइल पुष्कळदा एव्हीआय असते, आणि मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणलेला हा प्रकार म्हणजे निव्वळ पोते आहे. पोते पाहून आतला धान एचएमटी वाणाचा आहे की दुसऱ्या कोणत्या, हे जसे सांगता येत नाही, तसे एव्हीआय या नावावरून आतले चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे चित्र भरण्या-उलगडण्याच्या कोणत्या पद्धतीने, भरले आहे ते समजत नाही. त्या कोडेकची नोंद फाइलमध्ये चार अक्षरांच्या संकेताने केलेली असते. प्लेअर तो संकेत वाचतो आणि चित्र उलगडणारे सॉफ्टवेअर त्या संगणकावर आहे का ते शोधतो. आवाज पीसीएम या साध्या, न चेपलेल्या स्वरूपात असतो आणि तो कोणताही संगणक वाचू शकतो. चित्र मात्र हफवायव्ही किंवा लॅगरिथ अशा कोडेकमध्ये असते, जो कॅप्चर करणाऱ्याने आपल्या यंत्रावर मुद्दाम बसवलेला असतो आणि घेणाऱ्याने त्याचे नावही ऐकलेले नसते. म्हणून आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

मग असले कोडेक वापरावेच कशाला, असा प्रश्न येईल. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे असते. ते कोणतेही संकोचन (कॉम्प्रेशन) न करता साठवले तर एका तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. हफवायव्हीसारखा कोडेक चित्रातला एकही बिंदू न गमावता ही जागा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणतो. मिनी-डीव्ही या डिजिटल कॅसेटवरून फायरवायर केबलने घेतलेले चित्र मुळातच संकोचित असल्याने ते तासाला १३ जीबीत बसते. जुनी फीत पुन्हा यंत्रात घालावी तर ती अडकेल की तुटेल याची खात्री नसते, त्यामुळे पहिल्याच वेळी जे मिळेल ते शक्य तितके अखंड ठेवणे योग्यच आहे. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा जपून ठेवायची ही फाइलच लोकांना पाहण्यासाठी दिली जाते.

यावर दोन उपाय सर्रास सांगितले जातात. पहिला, फाइलच्या नावातले एव्हीआय खोडून एमपी४ लिहिण्याचा. त्याने आतले चित्र तसूभरही बदलत नाही, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही. दुसरा, समोरच्याला व्हीएलसी बसवून घ्यायला सांगण्याचा. व्हीएलसी उत्तम प्लेअर आहे, पुष्कळसे कोडेक तो स्वतःबरोबरच घेऊन येतो आणि मी स्वतः रोज तोच वापरतो. पण सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना, किंवा ज्या शाळेच्या संगणकाचा पासवर्ड एकट्या मुख्याध्यापकांना ठाऊक आहे तिथल्या शिक्षकांना, आधी हे सॉफ्टवेअर उतरवा आणि मग नाटक पाहा असे सांगणे मला पटत नाही. शिवाय हल्ली बहुतेक घरांत पेन ड्राइव्ह टीव्हीलाच लावला जातो, आणि टीव्हीवर व्हीएलसी बसवणे अनेकदा शक्यच नसते. फाइल चालेल अशी करणे ही देणाऱ्याची जबाबदारी आहे.

म्हणून देण्यासाठी वेगळी फाइल करावी, आणि ती करताना आपला संगणक डोळ्यांसमोर न ठेवता गावातला सर्वांत अशक्त संगणक ठेवावा. आमच्या भागात तो विंडोज ७ वर चालणारा, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० पासून वाऱ्यावर सोडलेला, तरीही कुठल्या ना कुठल्या कार्यालयात इमानाने काम करणारा संगणक असतो. सुदैवाने त्याच्या बहुतेक आवृत्त्यांना एमपी४ मधले एच.२६४ या कोडेकचे चित्र आणि एएसी स्वरूपातला आवाज मुळातूनच समजतो. एच.२६४ हे मानक २००३ सालचे आहे, आणि आज वापरात असलेले फोन, टीव्ही आणि संगणक यांतला क्वचितच एखादा त्याला अडतो. त्याच्यापुढचे एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी २०१३ साली आले, त्याच दर्जाचे चित्र ते आणखी कमी जागेत बसवते. पण विंडोज १० वरही त्यासाठी अनेकदा वेगळी जोड घ्यावी लागते. थोडी जागा वाचवण्यासाठी तो धोका पत्करू नये. नव्या फोनवर घेतलेले चित्रीकरण जुन्या संगणकावर दिसत नाही, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते.

रूपांतरासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ज्यांना आज्ञा टंकायचा कंटाळा नाही त्यांनी एफएफएमपेग वापरावे. मात्र एफएफएमपेग वापरणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही म्हणून मी त्यावर थोडा रेंगाळतो. कॅप्चर कार्डातून येणाऱ्या चित्रात रंगाची माहिती ४:२:२ या प्रमाणात असते, तर घरगुती उपकरणे ४:२:०, म्हणजे रंगाची त्याच्या निम्मी माहिती, अपेक्षित धरतात. स्पष्ट सूचना दिली नाही तर एफएफएमपेग मूळ प्रमाण तसेच ठेवते, आणि एच.२६४ ची एक व्यावसायिक धाटणीची फाइल तयार होते. नावाने ती एमपी४ असते, कोडेकही एच.२६४ असतो, आपल्या व्हीएलसीवर सुरेख चालते, आणि टीव्हीवर काळा पडदा येतो. सगळे नियम पाळूनही फाइल का चालत नाही असे कोडे पडले, तर मीडियाइन्फो या छोट्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून रंगाचे प्रमाण ४:२:० आणि खोली ८ बिट आहे ना, एवढे आधी पाहावे. हँडब्रेकच्या नेहमीच्या मांडणीत हे आपोआप होते, म्हणून नवख्याला मी तेच सुचवतो.

चित्र दिसू लागले म्हणजे ते नीट दिसते असेही नाही. व्हीएचएसच्या प्रत्येक फ्रेममध्ये एक सोडून एक ओळींचे दोन भाग असतात, आणि ते वेगवेगळ्या क्षणी टिपलेले असतात. जुन्या काचेच्या टीव्हीला ते मानवत असे. आजच्या पडद्यावर मात्र लावणीतल्या गिरकीला किंवा तलवारीच्या फेकीला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. त्यासाठी रूपांतर करतानाच डीइंटरलेस करून, म्हणजे त्या दोन भागांतून सलग फ्रेम बनवून, घ्यावे. समोरचा प्लेअर ते करील अशा भरवशावर राहू नये, कारण काही करतात, काही करत नाहीत. त्याच ओघात चित्राची रुंदी ७६८ बिंदू करून घ्यावी. ७२० बिंदूंची फाइल ४:३ मध्ये पसरून दाखवायची असते, परंतु काही प्लेअर ती सूचना वाचतच नाहीत आणि खलनायकाचा भरदार चेहरा लांबुळका होऊन बसतो. फ्रेमचा वेग स्थिर २५ ठेवावा, नाहीतर लांब फाइलमध्ये ओठ आणि संवाद हळूहळू एकमेकांपासून दूर जाण्याची भीती असते.

आवाजाबाबत एवढेच, की जुन्या यंत्रांतून तो कित्येकदा एकाच बाजूला उतरतो. तो दोन्ही बाजूंना करून घ्यावा, म्हणजे पेटी आणि तबला एका कानात अडकून राहत नाहीत.

कॅप्चर चालू असताना वीज जाणे ही आमच्याकडची नित्याची गोष्ट आहे, त्यामुळे त्या वेळी थेट एमपी४ मध्ये कधीही साठवू नये. एमपी४ ची अनुक्रमणिका साधारणपणे चित्रीकरण संपल्यावर लिहिली जाते. ती लिहिण्याआधी वीज गेली तर दोन तासांची फाइल जागेवर असूनही कोणताही प्लेअर ती उघडत नाही. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या पोत्यात तेवढ्या क्षणापर्यंतचा भाग शाबूत राहतो. ओबीएस स्टुडिओ या सॉफ्टवेअरने कॅप्चर करणाऱ्यांनी म्हणूनच एमकेव्ही निवडावे. आतले चित्र आधीच एच.२६४ आणि ४:२:० प्रमाणात असेल, तर नंतर त्याच सॉफ्टवेअरमधल्या रीमक्स सोयीने ते पुन्हा संकोचन न करता काही मिनिटांत एमपी४ मध्ये हलवता येते.

आता पोहोचवण्याचे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की फाइल पुन्हा चेपली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास ती जशीच्या तशी जाते, पण मर्यादा २ जीबीची आणि आमच्याकडचे नेटवर्क पाहता एवढी फाइल पाठवणाऱ्याला धीर हवा. म्हणून पेन ड्राइव्हच बरा. तो बहुधा फॅट३२ पद्धतीने आखलेला असतो आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट केला की ती अडचण जाते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. सेकंदाला २ मेगाबिट या दराने व्हीएचएसचे चित्र पुरेसे स्वच्छ राहते आणि एका तासाची फाइल १ जीबीच्या आत येते, त्यामुळे तीन तासांची एक कॅसेट फॅट३२ वरही मावते. रात्रभराचे नाटक दोन-तीन कॅसेटींवर असते. ते सलग जोडून पुन्हा ४ जीबीच्या हिशेबाने कुठेही तोडण्यापेक्षा मी अंकानुसार तोडतो, आणि फाइलचे नाव रोमन लिपीत, आधी क्रमांक घालून ठेवतो. देवनागरी नावांच्या जागी काही जुने टीव्ही नुसते चौकोन दाखवतात, आणि मग पाहणाऱ्याला दुसऱ्या अंकाच्या आधी तिसरा अंक लागतो.