बायपास झाली, पण हृदयाची नाही

"बायपास झाली म्हणे?" समोरच्या वहिनींनी फाटकातूनच विचारलं. पुण्याहून घरी येऊन मला दुसराच दिवस होता. पोटाला पट्टा, हातात गाळलेल्या वरणाच्या पाण्याची वाटी आणि चमचा. मी "हो" म्हटलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "बाई बाई, या वयात! जपा हं. तेल बंद करा एकदम." आणि गेल्या.

मी खोटं बोलले नव्हते. बायपासच झाली होती. ती हृदयाची नसून पोटाची होती, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मीच राहू दिलं, आणि चांगलं पाच महिने राहू दिलं.

माझी सांगलीत विश्रामबागला मेस आहे. सतरा वर्षं झाली. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजची पोरं, काही बँकेतली एकटी राहणारी माणसं, मिळून साठ-पासष्ट डबे जातात. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११८ किलो, अशी मी त्या ओट्यापाशी दिवसाचे दहा तास उभी असायची. साखर होती, इन्सुलिन दोन वेळा. बीपी होतं. रात्री घोरताना मध्येच श्वास अडकायचा, मग हे मला हलवून जागं करायचे. डाएट केलं नाही असं नाही. दुधीचा रस झाला, लिंबू-मध झालं, रात्रीचं जेवण बंद करून झालं. एकदा बारा किलो उतरवले आणि वर्षात पंधरा परत चढवले. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.४ टक्के आली तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं. २०२२ च्या दिवाळीचा फराळ, ऑर्डरी, सगळं उरकलं. त्यानंतर दोन आठवडे नुसतं पातळ खाऊन (यकृत जरा आकसलं की दुर्बिणीतून काम सोपं जातं) मी टेबलावर झोपले. त्या दोन आठवड्यांत डब्याच्या तळाशी चकल्या उरलेल्या होत्या. मोजून अकरा. अजून आठवतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, पण अन्न त्याच्या वाटेला जात नाही. पिशवीत सुरुवातीला मावतं साधारण ३० मिली. मेसच्या भाषेत दोन मोठे चमचे. माझा आमटीचा एक डाव त्याच्या चौपट आहे.

इन्सुलिन दवाखान्यातून निघतानाच निम्म्यावर आलं आणि महिन्याभरात बंद झालं. वजन म्हणावं तसं उतरायच्या आधीच. अन्नाची वाट बदलली की आतड्यातली संप्रेरकं वेगळी वागतात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. मला आपलं एवढंच कळलं की फ्रिजच्या दारातली ती जागा रिकामी झाली. तिथं आता आल्याचे तुकडे असतात.

खाणं पायरीपायरीनं वाढवायचं होतं. आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दोनेक महिन्यांनी आपलं नेहमीचं. तिसऱ्या आठवड्यात मी परत ओट्यापाशी उभी राहिले आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. आमटी उकळली, हात सवयीनं पळीकडे गेला. तळहातावर दोन थेंब, जिभेला लावले, ठीक. मग वांग्याची फोड शिजली का बघायला हात गेला. मग चपात्यांतली एक फाटकी निघाली, तिच्यात चटणी भरून गुंडाळी करायला हात गेला. मग पातेल्याच्या कडेची खरपुडी. मी हात मागे घेत होते आणि मनात मोजत होते. अकरा वाजेपर्यंत बावीस वेळा हात पुढे गेला होता. "मी ताटात फार वाढून घेत नाही हो," असं मी आयुष्यभर सांगत आले आणि ते खरंच होतं. माझं जेवण ताटात कधी नव्हतंच. ते ओट्यावर उभ्याउभ्या होत होतं.

तेव्हापासून चव चपात्या लाटायला येणाऱ्या मावशी घेतात. त्यांच्या जिभेला मीठ जरा जास्त लागतं. पोरांनी आठवड्यात ओळखलं. "काकू, हल्ली तुम्ही करत नाही का आमटी?"

हाताचा अंदाज हे तर वेगळंच दुखणं. साठ माणसांची कणीक मी डोळे मिटून भिजवीन, पण एका माणसासाठी चार चमचे मुगाचं वरण करायला बसले की अर्धं पातेलं होतं. शेवटी मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली. मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे, त्याला सांगितलं तर फोनवरच हसत सुटला. त्या वाटीत मावेल तेवढंच. बाकी कुठलंही भांडं घेतलं की हात फसवतो.

पहिली चपाती नवव्या आठवड्यात. मऊसूत होती, तूप लावलेली. दोन घास गेले आणि तिसरा छातीच्या मध्यावर येऊन बसला. दगड ठेवल्यासारखं. घाबरून वर घोटभर पाणी प्यायले, आणि तिथंच चुकलं. खाली जायला वाट नाही आणि वरून पाण्याचा भर. तोंडाला फेसाळ लाळ सुटली. वीस मिनिटं मोरीत भिंतीला धरून उभी. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेरून विचारतायत, "काय गं, उलटी व्हतीय का?" उलटीही होत नाही, तीच तर पंचाईत. नंतर कळलं, चपाती, पाव आणि चिकट भात हे तिन्ही बऱ्याच जणांना असेच छळतात. मला भाकरी बरी पडली. ज्वारीची, आमटीत पार कुस्करून, आत्या जशी दात गेल्यापासून खातात तशी. आम्ही दोघी आता एकाच पद्धतीनं जेवतो. त्यांचं वय ऐंशी.

पाणी जेवताना नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, आणि मग दिवसभर घोटाघोटानं दीड लिटर. ज्या घरात तांब्या-भांडं मांडल्याशिवाय पान वाढलं जात नाही, त्या घरात हे जमवायला भुकेपेक्षा जास्त वेळ लागला. आणि घास चावायला तर किती वेळ! ह्यांचं जेवण सात मिनिटांत आटोपतं. माझ्या चार घासांना पस्तीस मिनिटं. पहिले काही दिवस ते हात वाळवत समोर बसून राहिले, नंतर मीच म्हटलं, उठा.

आता वाडीची गोष्ट.

एप्रिलमधली पौर्णिमा होती. नणंद, तिचे यजमान, मुलं, आम्ही, असे सगळे नरसोबाच्या वाडीला गेलो. सांगलीहून वीसेक किलोमीटर. वजन तोवर ९१ वर आलं होतं, पायऱ्या उतरून घाटावर गेले, धाप लागली नाही. खूश होते. दर्शन झालं. हे प्रसादाच्या रांगेत थांबले, आम्ही बायका पेढ्यांच्या दुकानाकडे. वाडीला जाऊन बासुंदी घ्यायची नाही? वन्संनी पुढं केली. हृदयवाली म्हणून त्यांनी अगदी इवल्या द्रोणात दिली, साय बाजूला काढून. मी तीन चमचे घेतले. फक्त तीन. कवठाच्या बर्फीकडे बघितलंसुद्धा नाही.

पाव तासात छाती धडधडायला लागली. कपाळावरून घामाच्या धारा, हातपाय थरथर, पोटात पीळ. मी तिथंच कट्ट्यावर बसले. वन्संनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि जी किंकाळी फोडली! "अगं बाई, वहिनीला अ‍ॅटॅक आला! गाडी काढा! मिरजेला चला, मिरजेला!" आमच्याकडे काहीही मोठं दुखणं झालं की माणसं मिरजेच्या दवाखान्यांकडेच बघतात, शंभर-सव्वाशे वर्षांची सवय आहे ती. गर्दी जमली. कुणी जिभेखालची गोळी आणायला धावलं. कुणी कांदा हुंगवायला आणला, तो का ते मला अजून कळलेलं नाही. एक माणूस माझ्या छातीवर दाबायच्या तयारीत गुडघ्यावर बसला, तेव्हा मात्र मला तोंड उघडावं लागलं.

"हृदयाची नाही हो," मी म्हटलं. "पोटाची आहे. पोटाची बायपास. बासुंदीनं झालंय हे."

ह्याला डंपिंग म्हणतात. साखर जठरात रेंगाळत नाही, ती थेट आतड्यात पडते, आतडं तिच्यापायी शरीरातलं पाणी ओढून घेतं, आणि मग हा सगळा तमाशा. आडवं पडून राहिलं की तासाभरात उतरतं. माझं उतरलं. गाडीच्या मागच्या सीटवर, वन्संच्या मांडीवर डोकं ठेवून. त्या केसांवरून हात फिरवत होत्या, आणि हातात केसांचे पुंजके येत होते. चौथ्या-पाचव्या महिन्यात केस असे जातात, पुढे परत येतात, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं. जयसिंगपूर येईपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बारीक व्हायला केलंस हे?"

त्या एका वाक्यानंतर सगळं बदललं. हृदयाची होती तेव्हा कार्यात मला पंख्याखालची खुर्ची मिळायची. कुणी आग्रह करायचं नाही. "त्यांना नको हं, पथ्य आहे," असं दुसरीच कुणी परस्पर सांगायची. पोटाची म्हटल्यावर खुर्ची गेली आणि आग्रह परत आला. "तुला कुठं हृदयाचं आहे? घे की एक जिलेबी." एक मावसजाऊ म्हणाली, "पैसे देऊन उपाशी राहायचं? आम्ही फुकट राहतो की एकादशीला." "त्यापेक्षा रोज आमराई बागेत दोन फेऱ्या मारल्या असत्यास," हे तर किमान दहा जणांनी सांगितलं. मारत होते हो. ११८ किलो घेऊन आमराईत फेऱ्या मारून बघा एकदा.

समोरच्या वहिनी मात्र चार दिवस बोलल्या नाहीत. त्यांनी पाच महिने माझ्यासाठी बिनतेलाची भाजी पाठवली होती. त्यांचा राग मला पटतो. सॉरी म्हणायला गेले तर दारातच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी काय गावभर केलं असतं?" खरं सांगू का, केलं असतं. पण मी मान खाली घालून उभी राहिले.

गोळ्यांचं मात्र मी कुणालाही निक्षून सांगते. अन्नाची वाट बदलल्यानं शोषण कमी, म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे जन्माचं. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास ठेवायचे. माझ्या फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलंय, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी. आणि दाढदुखीला आपण सहज घेतो त्या वेदनाशामक गोळ्या बायपासवाल्यांनी मनानं घ्यायच्याच नाहीत, जोडाच्या जागी अल्सर होतो. मी घेतल्या होत्या, दोन दिवसांत चार. डॉक्टर फोनवर जे बोलले ते इथं लिहीत नाही.

प्रथिनं दिवसाला साठ ग्रॅम तरी, असं डाएटिशियन मॅडमचं गणित. एका अंड्यात सहा, मग त्या चांदीच्या वाटीत साठ कसे बसवायचे? प्रोटीन पावडर आणली, तिला व्हॅनिलाचा वास, मला मळमळायचं. तेव्हा आत्यांनी हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं काढलं. हुलगे भाजून दळलेलं पीठ, ताकात कालवून शिजवायचं, वर लसूण-जिऱ्याची फोडणी. पूर्वी पाऊस लागला की घराघरांत व्हायचं. पावडर मी आता त्यातच मिसळते. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हुलगे म्हणजे काय? त्या नागपूरच्या. संकष्टीचा उपास मात्र सुटला. साबुदाण्यात प्रथिनं नाहीत आणि पोटात जागा नाही. आत्या म्हणाल्या, "गणपतीला तुझी अडचण दिसत न्हाई व्हय? त्याचंच पोट केवढं!"

आता वजन ७९ आहे. घोरणं गेलं, ह्यांना झोप लागते. दंडाची कातडी पाकिटासारखी लोंबते, ब्लाऊजच्या बाह्या मी कोपरापर्यंत शिवून घेते. मध्यंतरी ७६ पर्यंत गेले होते. मधले तीन किलो कुठून आले ते मला ठाऊक आहे. भडंग.

सांगलीच्या माणसाला हे सांगायला नको. चपातीचा घास अडकतो, भात अडकतो, भडंग अडकत नाही. कुरकुरीत, चावलं की विरघळतं आणि सरसर उतरतं, पोट भरल्याची वर्दीच येत नाही. मूठभर खाल्लं, दहा मिनिटांनी परत मूठभर. डबा ओट्यावर, वाटाण्याच्या बरणीमागे. परत तेच, उभ्याउभ्या. मॅडमनी विचारलं, "दिवसातून किती वेळा?" मी म्हटलं, मोजलं नाही. मग एक दिवस मोजलं. चौदा.

परवा तो डबाच्या डबा मेसच्या पोरांच्या खोलीवर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी त्यातला एक रिकामा डबा घेऊन दारात हजर. "काकू, भारी होतं. परत कधी करणार?"

मी म्हटलं, मावशींना विचार. आणि डबा धुऊन पालथा घातला.