आधी हात धुवा, मग मशीनला हात लावा

डायबिटीस निघाला की पहिल्या आठवड्यात घरात ग्लुकोमीटर, म्हणजे बोटाच्या रक्तातून शुगर मोजायचं मशीन, येतं आणि दुसऱ्या आठवड्यात "हे मशीन काही खरं नाही" हे वाक्यही येतं. सकाळी १३२, पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं तर १४८, आणि त्याच दिवशी लॅबचा रिपोर्ट १३८. मग कोणावर विश्वास ठेवायचा?

खरं तर हे तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगताहेत. घरगुती ग्लुकोमीटरसाठी २०१३ पासून जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात शुगर १०० च्या वर असताना लॅबच्या तुलनेत १५ टक्के इकडेतिकडे चालतं आणि १०० च्या खाली असताना १५ अंक. शंभरातल्या ९५ तपासण्या एवढ्या हद्दीत बसल्या की मशीन पास. म्हणजे खरी शुगर १४० असेल तर मशीनने १२० दाखवलं काय किंवा १६० दाखवलं काय, मशीन आपलं काम चोख करतंय. १३२ आणि १४८ मधला फरक बघून जेवणातली पोळी कमी करण्याचं काहीच कारण नाही. पण १४० च्या जागी २६० आलं, तर दोष बहुधा बोटावर असतो.

हे समजायला थोडा हिशोब करू. शुगर १०० म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. हेच लहान करत नेलं तर १ मायक्रोलिटर रक्तात १ मायक्रोग्रॅम. मशीनमध्ये घालायच्या ज्या पट्टीवर थेंब घेतात, तशा आजकालच्या बहुतेक पट्ट्यांना अर्धा ते एक मायक्रोलिटर रक्त लागतं. म्हणजे ०.६ मायक्रोलिटरच्या थेंबात मशीन जे मोजतं ते ग्लुकोज भरतं ०.६ मायक्रोग्रॅम, मिठाच्या एका बारीक कणाच्या साधारण शंभराव्या भागाइतकं. बोटावर तेवढंच ग्लुकोज आधीपासून लागलेलं असेल तर आकडा सरळ दुप्पट. द्राक्षं खाल्ली, केळं सोललं, मधाच्या बाटलीचं झाकण लावलं, गुळाचा खडा फोडला, एवढं पुरतं. पट्टीवरचं एन्झाइम फक्त सुटं ग्लुकोज ओळखतं, साखरेत बांधलेलं नाही, त्यामुळे कोरड्या साखरेपेक्षा फळं, मध, गूळ आणि ग्लुकोज पावडर जास्त फसवतात.

जपानमध्ये हे तपासूनही झालंय. संत्रं, द्राक्षं, किवी सोलल्यावर हात न धुता बोटातून रक्त घेतलं तेव्हा आकडे भलतेच चढले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही ते पुरते उतरले नाहीत. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र बरोबर आले. २०११ साली हा अभ्यास छापून आला. तेव्हा स्पिरिटपेक्षा साबण आणि पाणी बरं. पाणी कोमट असेल तर आणखी चांगलं, कारण बोटात रक्तही नीट उतरतं. धुतल्यावर स्वच्छ टॉवेलने बोट पूर्ण कोरडं करा. ओल्या बोटावर थेंब पसरतो आणि त्यात पाणी मिसळतं. प्रवासात स्पिरिटच वापरावं लागलं तर ते उडून बोट कोरडं होऊ द्या. हात धुवायची सोयच नसेल, तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा थेंब घ्या. धुतलेल्या, कोरड्या हाताचा पहिला थेंब चालतो.

आता सुई. तिला लॅन्सेट म्हणतात आणि ती पेनासारख्या टोचणीत बसते. त्या पेनचं टोपण काढायचं, नवी लॅन्सेट खाचेत दाबून बसवायची, तिच्या टोकावरची गोल प्लॅस्टिकची टोपी पिळून काढायची, टोपण परत लावायचं आणि सुई किती खोल जाईल तो पेनवरचा आकडा ठरवायचा. हात मऊ असतील तर २ पासून सुरुवात करा. शेतात, गॅरेजमध्ये किंवा बांधकामावर काम करून कातडी जाड झाली असेल तर ४ लागू शकतो. थेंब आपोआप वर येत नसेल तर एक आकडा वाढवा, टोचल्यावर रक्त थांबायला वेळ लागत असेल तर एक आकडा कमी करा. लॅन्सेटच्या पाकिटावर २८, ३०, ३३ असे गेजचे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. नवख्याने ३० किंवा ३३ घ्यावी.

घाई करणाऱ्यांचा क्रम इथे चुकतो. आधी बोट टोचतात आणि मग रक्त गळत असताना दुसऱ्या हाताने डबी उघडून पट्टी शोधतात. उलटं करा. आधी पट्टी काढा, डबीचं झाकण लगेच दाबून बंद करा, पट्टी मशीनमध्ये घाला, पडद्यावर थेंबाचं चिन्ह येऊ द्या आणि मग टोचा. मशीन दोन-तीन मिनिटं तरी वाट बघतं.

टोचायचं कुठे? बोटाच्या टोकाचा जो मऊ गोळा आपण सगळीकडे टेकवतो, तिथे नाही. स्पर्श तिथेच सगळ्यात तीव्र असतो. मोबाईल चालवताना, भाकरी थापताना, शर्टाची बटणं लावताना तोच भाग कामाला येतो आणि तोच दिवसभर ठणकत राहतो. नखाच्या कडेपासून थोडं खाली, बोटाच्या बाजूला टोचा. पेन तिथे घट्ट टेकवा, सैल धरू नका. सैल धरलं की सुई वरवर लागते, दुखतं तेवढंच आणि रक्त येत नाही. अंगठा आणि तर्जनी कामाची बोटं, ती मोकळी ठेवा. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी अशी दोन्ही हातांची मिळून सहा बोटं, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे बारा जागा झाल्या. दिवसाला दोनदा तपासलं तरी एका जागेची पाळी सहा दिवसांनी येते. करंगळीची कातडी पातळ असते, तिथे पेनची खोली कमी ठेवा. एकाच आवडत्या बोटाला टोचत राहिलात तर दोन-तीन महिन्यांत तिथे घट्टा पडतो आणि मग रक्त यायला आणखी खोल टोचावं लागतं.

टोचण्याआधी हात दहा-वीस सेकंद खाली सोडून धरा. टोचल्यावर तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हलकेच चोळत या. टोचलेल्या जागेच्या अगदी शेजारी धरून लिंबासारखं पिळू नका. पिळल्यावर रक्ताबरोबर पेशींभोवतीचं पाणीही बाहेर येतं, थेंब पातळ होतो आणि आकडा फसवा येतो. थेंब केवढा हवा? मोहरीच्या लहान दाण्याएवढा पुष्कळ झाला. मग पट्टीची कड त्या थेंबाला नुसती टेकवायची. पट्टी रक्त स्वतः ओढून घेते, टोकाची बारीक फट भरताना दिसते. कातडीवर पट्टी दाबू नका आणि रक्त वरून लिंपू नका. (काही मशीनच्या पट्टीवर वरच्या चौकोनात थेंब ठेवावा लागतो. तुमची कोणती आहे ते माहितीपत्रकातल्या चित्रात बघून घ्या.) पट्टी अर्धीच भरली आणि मशीनने एरर दाखवली तर वरून दुसरा थेंब घालू नका, नवी पट्टी घ्या. पट्टी वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण अर्धवट भरलेल्या पट्टीवरचा आकडा त्याहून महाग पडू शकतो.

पट्ट्यांची डबी हीसुद्धा मशीनइतकीच नाजूक वस्तू आहे. तिच्या आत ओल शोषणारा थर असतो, म्हणून झाकण उघडं ठेवायचं नाही आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतायच्या नाहीत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघड्या राहिलेल्या डबीतल्या पट्ट्या दमट होऊन भलते आकडे देतात. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या खाली ठेवायच्या असतात. विदर्भातल्या मे महिन्यात त्या गाडीच्या कप्प्यात किंवा पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका. घरातली सगळ्यात गार, कोरडी, अंधारी जागा शोधा. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर डबीत बाष्प धरतं. डबी उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावरच लिहा, कारण काही कंपन्यांच्या पट्ट्या उघडल्यावर तीन महिनेच चालतात, काहींच्या सहा, काहींच्या छापलेल्या तारखेपर्यंत.

मशीन घेताना तर मशीनच्या किमतीपेक्षा पट्टीची किंमत बघा. मशीन एकदाच घ्यायचं असतं, पट्टी कायमची. घराजवळच्या मेडिकलमध्ये ज्याच्या पट्ट्या हमखास मिळतात तेच मशीन चांगलं. इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांनी मशीन पाठवलं असेल तर त्यावर ७.८ असा आकडा दिसेल. ते मिलीमोलचं माप आहे. १८ ने गुणलं की आपल्याकडचा आकडा मिळतो, म्हणजे १४०.

वेळेचं म्हणाल तर फास्टिंग म्हणजे किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नाही. सकाळचा चहा, बिनसाखरेचा असला तरी, दूध घातलेला असेल तर फास्टिंग मोडलं. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. अर्धा तास जेवण चाललं असेल तर तेवढ्यानेच आकडा वेगळा दिसतो. गरोदर नसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांसाठी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचं लक्ष्य जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं आहे. तुमचं लक्ष्य तुमचे डॉक्टर ठरवतील. वय, इतर आजार आणि औषधं बघून ते सैल किंवा कडक होतं. दिवसातून किती वेळा तपासायचं, हेही औषधावर आहे. इन्सुलिन घेणाऱ्याला दिवसातून अनेकदा लागतं. नुसत्या पथ्यावर किंवा मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्याला रोज टोचून घ्यायची गरज सहसा नसते. त्यापेक्षा एखाद्या जेवणाआधी आणि त्याच जेवणानंतर दोन तासांनी, अशी जोडी तपासा. कांदेपोह्यांनी किती चढते आणि भाकरी-पालेभाजीने किती, हे त्या जोडीतून कळतं. सुट्या आकड्यातून काहीच कळत नाही. वहीत आकड्याशेजारी वेळ, जेवण आणि औषध लिहा.

लॅबशी ताडून बघायचं असेल तर फास्टिंगलाच बघा, लॅबवाल्याने शिरेतून रक्त घेतल्यावर पाच-दहा मिनिटांच्या आत. जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेपेक्षा शुगर जास्त असतेच, तो मशीनचा दोष नाही. नळी लॅबमध्ये नुसती पडून राहिली तर रक्तपेशी त्यातलं ग्लुकोज खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के आकडा उतरतो. आणखी एक, हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर बोटाची शुगर खोटी जास्त दिसू शकते. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं किती सर्रास आहे हे बघता, ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा.

सगळ्यात जीवघेणी चूक मात्र शुगर कमी झाल्यावर होते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, मशीन ६२ दाखवतं. ७० च्या खाली गेल्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे बरोबर आहे. पण ती पावडर हाताला लागलेली असते. त्याच बोटाला टोचलं तर पडद्यावर २१० दिसतं, सगळे निर्धास्त होतात आणि माणसाची शुगर प्रत्यक्षात अजून ६५ वरच असते. म्हणून दुसऱ्या तपासणीआधी हात धुवायचेच, स्वतः उठवत नसेल तर घरातल्या कोणीतरी ओल्या फडक्याने बोट नीट पुसून, कोरडं करून टोचायचं. आकडा काहीही म्हणो, लक्षणं जात नसतील तर शुगर कमीच आहे असं धरून चला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात न्या. उलट बाजूला, पडद्यावर आकड्याऐवजी "हाय" आलं तर बहुतेक मशीनमध्ये त्याचा अर्थ ६०० च्या वर असा असतो. हात धुऊन एकदा परत बघा. पुन्हा तेच आलं तर उद्याची वाट बघू नका.

घरात मशीन आलं की शेजारच्या काकू, गावाहून आलेले मामा, सगळे "माझीपण बघ ना" म्हणतात. नवी लॅन्सेट घातली म्हणून पेन दुसऱ्याला द्यायचं नाही. पेनच्या टोपणाच्या आत दिसणार नाही एवढं रक्त उडालेलं असतं आणि हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी जिवंत राहतो. एकच पेन अनेकांना वापरल्याने हा आजार पसरल्याचं जगात वारंवार आढळलंय. नवरा-बायको दोघांनाही डायबिटीस असेल तर पेनं दोन घ्या, नावं लिहून ठेवा.

वापरलेली लॅन्सेट पुन्हा टोपी लावून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात ती जाते. शॅम्पूची किंवा फिनेलची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या, सुया त्यात टाकत जा, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि मोठ्या अक्षरात "वापरलेल्या सुया" असं लिहा. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या सुया हा घरगुती घातक कचरा धरला होता, ओल्या-सुक्यात त्या मिसळू नका. तुमची नेहमीची लॅब किंवा दवाखाना बाटली घेतो का ते विचारा. नाहीतर घंटागाडीवाल्याच्या हातात ती वेगळी द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा.