जुनी स्कायलाइन, काळं पडलेलं ऑइल आणि ६०० पीपी : ग्रॅन टुरिस्मो ७ मधला माझा अनुभव

ग्रॅन टुरिस्मो ७ हा कार रेसिंगचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना टोकियो एक्सप्रेसवेवरची वर्ल्ड टूरिंग कार ६०० ही रेस पाठ असेल. १२ लॅप मारायचे, गाडीचा पीपी (परफॉर्मन्स पॉइंट, म्हणजे गाडी किती वेगवान त्याचा गेमने काढलेला आकडा) ६०० च्या वर गेला तर एंट्रीच नाही, आणि दोन्ही बाजूच्या काँक्रीटच्या भिंतींना न घासता, पेनल्टी न घेता पहिले आलात तर क्लीन रेस बोनस धरून ८,२५,००० क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे. बहुतेक जण ही रेस पैशासाठी मारतात. मला मात्र ती एका ठराविक गाडीनेच मारायची होती, निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३२, १९९४ चं व्ही-स्पेक २ मॉडेल, जी शोरूममध्ये नवी मिळतच नाही, यूज्ड कार डीलरशिपमध्ये कधी येते ती वाट बघत बसायचं आणि आली की उचलायची.

आली, उचलली. आरबी२६ इंजिन, २.६ लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो. कागदावर २८० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच पॉवरचं माप), कारण त्या काळात जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवलंच होतं की यापेक्षा मोठा आकडा जाहीर करायचा नाही. पण गॅरेजमध्ये घेतल्यावर बघितलं तर माझ्या गाडीची पॉवर त्याहून कमी दिसत होती, मीटरवर आधीच्या मालकाचं भरपूर रनिंग होतं ना. आणि ह्या गेमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, की जुनी गाडी इथे खरोखर जुनी असते, नुसता आकडा लिहून सोडून दिलेला नाही.

तर मी ठरवलं की एकही पार्ट लावायचा नाही, आधी गाडी मूळच्या हालतीत आणायची, आणि प्रत्येक कामानंतर ती किती बदलते ते स्वतः चालवून बघायचं. त्यासाठी त्सुकुबा ट्रॅक घेतला. जपानमधल्या इबाराकीतला खराखुरा ट्रॅक आहे तो, जेमतेम २ किलोमीटरचा, त्यामुळे लॅप पटापट होतात आणि हात बसला की आपल्याच वेळेत फारसा फरक राहत नाही. टायर तेच ठेवले, स्पोर्ट्स हार्ड, असिस्ट (गाडी चालवताना गेम करतो ती मदत) तेच, आणि लक्ष दोनच ठिकाणी: बॅक स्ट्रेटच्या शेवटी ब्रेक मारायच्या आधी स्पीड किती होतो, आणि त्यानंतरचा जो लांबलचक उजवा कॉर्नर आहे तिथे गाडीचं नाक किती बाहेर पळतं.

पहिलं ऑइल. जीटी ऑटो, म्हणजे गेममधलं सर्व्हिस गॅरेज, तिथे गेलं की मेंटेनन्सचं पान येतं, तिथे कार वॉश, ऑइल चेंज, इंजिन ओव्हरहॉल आणि बॉडीची रिजिडिटी (कडकपणा) परत आणायचं काम, असं सगळं एका जागी असतं. ऑइल चेंज अगदी किरकोळ पैशात होतो आणि माझं प्रामाणिक मत असं की पूर्ण गेममध्ये एका क्रेडिटला एवढी पॉवर दुसरं काहीच देत नाही. ऑइल बदललं की पॉवरचा आकडा लगेच वर सरकला, पीपी पण सरकला, आणि ट्रॅकवर गेल्यावर बॅक स्ट्रेटच्या शेवटी फरक दिसला, थोडासाच, पण प्रत्येक लॅपला दिसला. खऱ्या गाडीतही असंच की, ऑइल काळं आणि पातळ झालं की आतलं घर्षण वाढतं, इंजिनची ताकद स्वतःलाच फिरवण्यात जाते, आपण म्हणतो ना गाडीचा पिकअप गेलाय, तेच.

दुसरं इंजिन ओव्हरहॉल. आपल्याकडे गॅरेजवाले म्हणतात ना इंजिनचं काम काढलंय, ते. रिंगा झिजल्या, कॉम्प्रेशन गेलं, तर वरून कितीही ताजं ऑइल ओता, ती ताकद काही परत येत नाही, गेममध्येही ऑइल आणि इंजिन ह्या दोन वेगळ्या गोष्टी धरल्यात हे मला फार बरोबर वाटतं. ओव्हरहॉलला पैसे चांगलेच लागतात आणि गाडी जेवढी महाग तेवढे जास्त, म्हणून बरेच जण टाळतात. मी केलं. पॉवर परत वर गेली, आणि ह्या वेळी फरक नुसता टोकाच्या स्पीडला नाही तर कॉर्नरमधून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरला गाडी ज्या पद्धतीने उचलते तिथे जाणवला.

तिसरं काम मात्र बहुतेक लोक विसरतात आणि मला त्यावरच जास्त बोलायचंय, ते म्हणजे बॉडी रिजिडिटी. ह्याने पॉवरचा आकडा हलत नाही, त्यामुळे पैसे घालवून काहीच मिळालं नाही असं वाटतं. पण रनिंग वाढत जातं तसा गाडीचा सांगाडा सैल होत जातो, जुनी खाट कशी खिळखिळी होते, बसलं की एक पाय इकडे एक तिकडे, तसंच होतं, स्टीअरिंग फिरवलं की आधी बॉडी पिळते आणि मग चाकं ऐकतात. माझा धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता, त्याच्या हातात कंट्रोलर दिला, त्याला कुठलं काम केलंय ते सांगितलं नव्हतं. दोन-चार लॅप झाले आणि म्हणाला, "दादा, मघाशी ही त्या मोठ्या कॉर्नरला बाहेर बाहेर जात होती, आता नाही जात, काय केलंस रे?" मी म्हटलं, "तू फक्त चालव, मग सांगतो." त्याने परत लॅप मारला, तोच कॉर्नर, कर्बला चिकटून, अ‍ॅक्सिलरेटर आधीपेक्षा लवकर दाबून. पॉवरचा आकडा तोच आणि टायमिंग खाली!

एवढं झाल्यावर मग ट्युनिंग. सस्पेन्शन, एलएसडी (दोन्ही चाकांना ताकद नीट वाटून देणारा डिफरेन्शियल), ब्रेक, थोडं वजन कमी केलं आणि इथे एका मित्राची गोष्ट सांगायलाच हवी कारण ह्यात सगळं आलं. त्याच्याकडे हीच गाडी, हाच रंगसुद्धा, आणि तो बरेच दिवस ह्याच रेसला वापरतोय. त्याने त्याची पूर्ण सेटिंग शीट मला फोटो काढून पाठवली, एकूण एक पार्ट, एकूण एक आकडा, आणि त्याचा पीपी ६०० च्या जरासा खाली. मी जसंच्या तसं लावलं, मेझर (पीपी मोजायचं बटण) दाबलं, तर माझा पीपी ६०० च्या वर! दोघांनी फोनवर बसून एकेक आकडा ताडून बघितला, स्प्रिंग, कॅम्बर, गिअर रेशो, सगळं जुळतंय. शेवटी मी विचारलं, ऑइल कधी बदललं होतंस? तो म्हणाला गाडी घेतल्यापासून कधीच नाही. त्याने तिथल्या तिथे बदललं आणि त्याचीही गाडी ६०० च्या बाहेर गेली.

म्हणजे त्याने जी सेटिंग एवढी मेहनत करून बसवली होती ती थकलेल्या इंजिनची होती. ह्या गेममध्ये पीपी नुसत्या पॉवर आणि वजनावरून काढत नाहीत, टायर बदला, डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबली जाते तो जोर) बदला, गिअर रेशो बदला, पीपी हलतो, आणि गाडीची आत्ताची जी हालत आहे तीच धरली जाते. म्हणून आधी ऑइल, इंजिन, बॉडी आणि मगच सेटिंग, हाच क्रम मला पटतो. आम्ही दोघांनी मग पॉवर रिस्ट्रिक्टर लावला, इंजिनची पॉवर मुद्दाम कमी करणारा, ट्युनिंग शॉपमधला स्वस्तातला पार्ट आहे, टक्का-टक्का खाली आणत ताज्या ऑइलवर ६०० च्या काठावर आणून ठेवलं. बॅलास्टने, म्हणजे गाडीत मुद्दाम टाकलेल्या जादा वजनानेही पीपी खाली येतो, पण आर३२ आधीच नाकाला जड आहे, तिच्यावर अजून वजन लादणं मला आवडलं नाही, मागे टाकून तोल साधता येतो हे मान्य, तरीही.

आता हिशोब बघा. टोकियोचा तो लूप सात किलोमीटरच्या वर आहे, १२ लॅप म्हणजे एका रेसला ८५-९० किलोमीटर रनिंग. दिवसाला दोन-तीन रेस मारणाऱ्याचं ऑइल त्या आठवड्यातच उतरायला लागणार. आणि ते एकदम कळत नाही, हळूहळू होतं, आपल्याला वाटतं आज हात चालत नाहीये. मी आता सोपं करून टाकलंय, रेसला एंट्री घेताना पीपी बघतो, ताज्या ऑइलवरचा आकडा डोक्यात असतो, तो खाली गेलेला दिसला की सेटिंगला हात न लावता आधी जीटी ऑटो. ऑइल बदललं की आकडा परत जागेवर येतो. रिस्ट्रिक्टर ढिला करून पीपी भरून काढायचा मोह होतो, पण तसं केलं तर पुढच्या ऑइल चेंजला गाडी परत ६०० च्या बाहेर, आणि परत सगळं पहिल्यापासून.

जुन्या खेळाडूंना हे नवीन नाही. २००१ च्या ग्रॅन टुरिस्मो ३ मध्ये तर अगदी कोरी गाडी घेतली तरी पहिलं ऑइल चेंज केलं की पॉवर वाढायची, ते सगळ्यांना माहीत होतं, गाडी घेतली की सरळ ऑइल. पुढे ४ मध्ये जुन्या गाड्या परत आल्या आणि बॉडी परत कडक करायचं काम आलं. आणि मार्च २०२२ मध्ये ७ आला तेव्हा जीटी ऑटो परत बघून मला मनापासून आनंद झाला होता. गाडीची काळजी घ्यावी लागते म्हणूनच ती आपली वाटते, निदान मला तरी.

स्कायलाइनने ती रेस जिंकली, क्लीन बोनससकट. शेवटचे लॅप फ्युएल मॅप (इंधन किती जाळायचं ती सेटिंग) काटकसरीवर ठेवून, गिअर लवकर बदलत काढले कारण दोन टर्बोंची तहान काही कमी नाही. त्या पैशातून यूज्ड कारमध्ये आलेली माझदा आरएक्स-७ घेतलीये, एफडी, रोटरी इंजिनवाली. रनिंग हिचंही बरंच आहे. आत्ता ती जीटी ऑटोमध्ये उभी आहे, ऑइल झालंय, ओव्हरहॉलचे पैसे जमले की तेही करून घेतो आणि मग भावाला परत त्सुकुबाला बसवतो.